मालवणात जिवंत शेवंड: बंदरावरून घ्यावी की हॉटेलात खावी?

सायली_डोंबिवली | २१ नोव्हेंबर, ११:०५

डिसेंबरात आम्ही सगळे मालवणला चाललोय. देवबागला एका घरगुती निवासात खोल्या घेतल्यात. माणसं सात: आम्ही दोघं, दोन मुलं, सासू-सासरे आणि धाकटे दीर. मासे आम्हाला नवे नाहीत. सुरमई, पापलेट, कोळंबी घरी होतच असते. पण शेवंड, म्हणजे आपली लॉबस्टर, कधी घरी आणलेली नाही. एकदा गोव्यात एका शॅकवर खाल्ली होती. ताटात चीज जास्त आणि शेवंड कमी. चव आठवत नाही, बिल आठवतं.

तर प्रश्न असे. मालवणात जिवंत शेवंड पर्यटकाला मिळते का, की सगळी हॉटेलांनाच जाते? बाहेरून आणून निवासाच्या काकूंना करायला दिली तर त्यांना राग येईल का? सात जणांना किती लागेल? आणि मुळात ती एवढ्या पैशांची असते का, की नुसतंच नाव मोठं?

कृपया विषयाला धरून लिहा. घाटातल्या खड्ड्यांवर जाऊ नका :)

चिंबोरी | ११:२०

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नसते. तेवढ्या पैशांत सातही जण कंबरेची बटणं सैल होईस्तोवर कुर्ल्या (खेकडे) खातील, वर तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं येईल आणि सोलकढीला कोणी नाही म्हणणार नाही.

आता शेवंडवाले येतीलच भांडायला.

खवय्या_कोल्हापूर | ११:३४

आलो. चिंबोरीने चिंबोरीची बाजू घ्यावी यात नवल ते काय!

सायलीताई, त्या शॅकवरच्या चीजखाली नक्की काय होतं ते शॅकवाल्यालाच माहीत. ताजी शेवंड मिठाच्या पाण्यात नुसती उकडायची, उभी चिरायची, वर लिंबू पिळायचं आणि हाताने खायची. मांस गोडसर आणि कोळंबीपेक्षा घट्ट असतं. मसाला, बटर-गार्लिक, तंदूर हे सगळं दुसऱ्या दिवशी. पहिली तरी कोरी खा, म्हणजे पैसे कशाचे दिले ते कळेल.

वरणभात | ११:४१

नुसती उकडून मीठ-लिंबू? म्हणजे कणसासारखी? मग कणीस काय वाईट आहे?

मी_देवबागचो | १२:१०

देवबागात रवतंय म्हणान लिवतंय. बाकीच्यांका कळाक होया म्हणान पुढचा शुद्धात.

संध्याकाळी होड्या लागल्या की मालवण बंदरावर लिलाव होतो. बघायला जरूर जा, मुलांना मजा येईल. पण मध्ये शिरून बोली लावू नका. तिथे वाटे मोठे असतात आणि घेणारे रोजचे व्यापारी आणि बाजारात बसणाऱ्या बायका. त्यातून चांगली जिवंत शेवंड लिलावापर्यंत येतेच असं नाही. पुष्कळदा होडीवरूनच ठरलेल्या माणसाकडे जाते. जिवंत असेल तर तिला परदेशात भाव आहे. ओलसर भुशात नाहीतर कागदात गारव्यात बांधून विमानाने सिंगापूर, हाँगकाँगकडे जाते.

मग तुम्हाला कशी मिळणार? ज्यांच्याकडे उतरताय त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. देवबागात निवास चालवणाऱ्या पुष्कळ घरांत होडीही असते. घरातला कोणीतरी किंवा शेजारी पहाटे जाळी उचलायला जातो, आली तर घेऊन येतो. 'आली तर' हे नीट वाचा. वारा सुटला, पाणी गढूळ झालं, की चार चार दिवस दिसत नाही. आम्हाला शिव्या घालू नका.

राग कसला येतोय? उलट बरं वाटतं. फक्त करणावळ आधी ठरवा. वाटणाचे नारळही झाडावरून फुकट पडत नाहीत.

घेताना एकच बघा. डोक्याच्या कवचाला मागून धरून उचला. जिवंत असेल तर शेपटी फाड फाड आपटते आणि पोटाखाली दुमडून घेते. मिशांच्या मुळातून करकर आवाजही काढते. शेपटी सरळ खाली लोंबली की ठेवून द्या. आमची आजी म्हणायची, "मेलेली शेवंड कोणी फुकट दिल्यान तरी घराक हाडू नको."

वरणभात | १२:१५

उचलल्यावर करकर आवाज करणारं जेवण! मी उगाच शाकाहारी नाही.

सायली_डोंबिवली | १२:५२

@मी_देवबागचो, फार उपयोगी माहिती. एक शंका. सुरमई आपण बर्फातलीच घेतो ना? मग मेलेली शेवंड बर्फात असली तर काय बिघडलं?

मत्स्यविद्यार्थी | १३:३०

बिघडतं, आणि लवकर बिघडतं. शेवंडीची पाचक ग्रंथी डोक्याच्या भागात असते. ती मेली की तिथले एन्झाइम शेपटीच्या मांसात उतरतात आणि मांस पिठूळ होतं. शिजवल्यावर चमच्याने चिवडलं तर भुगा होतो. कुर्लीचंही साधारण असंच. मेल्या मेल्या डोकं वेगळं करून नुसती शेपटी बर्फात ठेवली असेल तर हरकत नाही. मोठ्या हॉटेलांत येते ती बहुतेक अशी गोठवलेली शेपटीच असते.

आता 'किती लागेल' बद्दल. चित्रांत दिसते ती मोठ्या नांग्यांची लॉबस्टर उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातली. आपल्या उष्ण समुद्रातल्या काटेरी शेवंडीला तशा नांग्या नसतात, लांब काटेरी मिशा असतात. म्हणजे नांगी फोडून मांस काढायचा प्रश्नच नाही. जे आहे ते जवळजवळ सगळं शेपटीत, आणि शेपटी म्हणजे एकूण वजनाचा साधारण तिसरा हिस्सा. दोन किलो घेतलीत तर ताटात सहा-सातशे ग्रॅम येईल. सात जणांना चव घ्यायला भरपूर, पोट भरायला नाही.

महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर जास्त करून पॅन्युलिरस पॉलिफेगस मिळते. अंग हिरवट-राखाडी आणि शेपटीच्या प्रत्येक वळ्यावर आडवा पांढुरका पट्टा. दक्षिणेकडे, तामिळनाडू-केरळच्या खडकाळ भागात पॅन्युलिरस होमारस जास्त. शिजवल्यावर दोघीही लालच होतात. लाल रंगद्रव्य आधीपासून असतंच, ते प्रथिनाला बांधलेलं असतं म्हणून हिरवट दिसतं. उष्णतेने ती बांधणी सुटते.

चिंबोरी | १३:३८

म्हणजे किलोचा जो भाव सांगतील त्याला तीनने गुणायचं. तो खरा भाव. माझं म्हणणं शास्त्राने सिद्ध झालं, धागा बंद करायला हरकत नाही.

खवय्या_कोल्हापूर | १४:०२

थांबा. उरलेले दोन हिस्से काय समुद्रात फेकता? डोकं म्हणजे रस्सा! डोकं उभं चिरायचं, आतली वाळूची पिशवी काढायची, तेलात लसूण-कांद्यावर कवच चांगलं परतायचं आणि मग वाटण. कवच परतल्यावर घरभर जो वास सुटतो त्याला तोड नाही. वर मिशांच्या मुळाशी आणि पायांत थोडं थोडं मांस असतं. ते चोखत बसायचं. घाईच्या माणसाने शेवंड खाऊच नये.

सुगरण_साताऱ्याची | १४:२०

वाटणात तिरफळं घालायची का? मालवणी माशात घालतात ना?

मी_देवबागचो | १४:२३

तिरफळां बांगड्याक. शेवंडीत तिरफळां घातल्यात तर आजी स्वर्गातसून खाली येतली.

खवय्या_कोल्हापूर | १४:२५

आणि खोबरंही बेताने. शेवंडीचा रस्सा करताना लोक नारळाचा रस्सा करून बसतात.

घाटवाट | १५:१०

प्रश्न शेवंडीचा आहे हे कळतं, पण पुण्यावरून कोणी जाणार असेल तर फोंडा घाट की गगनबावडा? गेल्या वेळी गगनबावड्याकडून गेलो आणि करूळ घाटात काम चालू...

चिंबोरी | १५:१२

सायलीताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये हात जोडले होते. तुम्ही सहा तास तरी थांबायचं.

घाटवाट | १५:१५

मग फोंडाच ना?

कोकणकन्या_एस्सेवन | १५:१८

रेल्वेने जा आणि कुडाळला उतरा. विषय संपला. (कोकणकन्येचं तिकीट मिळालं तर.)

वेबमास्तर | १५:४०

घाटांसाठी 'प्रवास' विभागात वेगळा धागा आहे. इथे शेवंड.

कीजवाली | २१ नोव्हेंबर, २२:५५

फ्लोरिडातून लिहितेय, त्यामुळे उशीर. तुम्ही सगळे विकत घेण्याबद्दल बोलताय. इथे खाली कीज बेटांवर आम्ही ती पाण्यात उतरून पकडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

इथली कॅरिबियन शेवंडही बिननांगीची, आपल्या शेवंडीची सख्खी चुलत बहीण. लायसन्स काढावं लागतं आणि त्यावर शेवंडीचा वेगळा परवाना. मोसम ६ ऑगस्ट ते ३१ मार्च. त्याच्या आधी जुलैच्या शेवटच्या बुधवार-गुरुवारी हौशी लोकांसाठी दोन दिवस खुले असतात. त्या दोन दिवसांत कीजमध्ये पाण्यापेक्षा बोटी जास्त दिसतात. आम्ही ते दोन दिवस टाळतो.

पकडायची पद्धत मजेची आहे. शेवंड दिवसा खडकाच्या कपारीत तोंड बाहेर करून बसलेली असते, नुसत्या मिशा हलताना दिसतात. लांब काठी तिच्या मागे सरकवून शेपटीला हलकेच डिवचायचं. ती सावकाश पुढे चालत बाहेर येते. मग तिच्या मागे जाळी धरायची आणि पुढून डिवचायचं. ती शेपटी मारून उलटी उडी घेते ती थेट जाळीत. पुढून झडप घालणाऱ्याला ती कधीच मिळत नाही, हातात फक्त तुटलेली मिशी येते.

पकडल्यावर पाण्यातच मोजायची. पट्टी बरोबर असणं कायद्याने सक्तीचं आहे. पाठीचं कवच ३ इंचांपेक्षा जास्त भरलं तर ठेवायची, नाहीतर तिथेच सोडायची. पोटाखाली अंडी असतील तर कितीही मोठी असो, सोडायचीच. माणशी दिवसाला सहाची मर्यादा आहे आणि जेट्टीवर अधिकारी उघडून बघतात.

स्वयंपाकातली एक युक्ती, तुमच्या काकूंना बहुतेक ठाऊक असेल. शेपटी वेगळी केल्यावर तिचीच मिशी मोडायची, जाड बाजूने शेपटीच्या टोकाखालच्या भोकात सरकवायची, पिळायची आणि ओढायची. मिशीवर उलटे काटे असतात, त्यांना अडकून आतली काळी शीर अख्खी बाहेर येते. शेपटी न चिरता साफ.

सुगरण_साताऱ्याची | २२ नोव्हेंबर, ०९:०५

ही मिशीची युक्ती वाचून सकाळचा चहा गार झाला. अफलातून!

मी_देवबागचो | ०९:३०

आमच्याकडे उभी चिरूनच साफ करतात. पण ही आज काकीला करायला सांगतो.

गोव्यात_बिल_भरलेला | १०:१२

मिशीचा विषय निघालाच आहे तर माझीही ऐका. समुद्रकिनाऱ्यावरची एक जागा, नाव लिहीत नाही. ट्रे घेऊन पोऱ्या आला, त्यात एक टपोरी शेवंड फाड फाड करत होती. आम्ही खूश, होय म्हणालो. भाव विचारला तर "मार्केट रेट सर". अर्ध्या तासाने आली ती पिठूळ, चवीला कापूस, आणि बिलात वजन सव्वा किलो. ट्रेमधली फार तर पाऊण असेल. ती बहुधा अजून ट्रेमध्येच फिरत असेल, पुढच्या टेबलांवर.

तेव्हापासून माझा नियम: वजन डोळ्यांसमोर, भाव किलोचा आणि शिजवण्यापूर्वी, आणि मिशीचं टोक मोडून आपल्या खिशात. ताटात आली की जुळवून बघायचं. वेटर हसतात, हसू देत.

चिंबोरी | १०:१५

या माणसाला कोणीतरी पोलिसात घ्या.

जहाजी | १३:४५

बोटीवर असतो, सध्या घरी. उष्ण देशांतल्या बंदरांत शेवंड खाण्याबद्दल माझं एकच सांगणं आहे. जाण्याआधी तिथला बंदीचा काळ बघा. श्रीलंकेत फेब्रुवारी, सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये शेवंड पकडायला बंदी असते. बेलीझमध्ये १ मार्च ते ३० जून. मोसम उघडला की जुलैत तिथल्या बेटांवर शेवंडीचे मेळेच भरतात, रस्त्यावर निखाऱ्यांवर भाजून देतात. बंदीच्या महिन्यात कोणी "एकदम फ्रेश" म्हणत असेल तर ती एक तर गोठवलेली, नाहीतर चोरीची. दोन्हींचे पैसे ताज्याचेच घेतात.

पद्धतीबद्दल माझं मत: निखारे. उभी चिरायची, मांसाची बाजू आधी जेमतेम दोन-तीन मिनिटं, मग उलटवून कवचावर. कवचच भांडं होतं. वर थोडं लोणी-लसूण चालतं, कोल्हापूरकर रागावले तरी.

खवय्या_कोल्हापूर | १४:००

निखाऱ्यांना माझी हरकत नाही. चीजला आहे.

आणि कोणी बोललंच नाही म्हणून सांगतो, अंडीवाली शेवंड मिळाली तर सोडू नका. ती गाबोळी तळून... काय सांगू!

मत्स्यविद्यार्थी | १४:२५

सोडाच. म्हणजे समुद्रात.

@खवय्या, पोटाखालचे ते नारिंगी घोस म्हणजे लाखो अंडी असतात. त्यांतून निघणारी पिल्लं कागदासारखी पातळ, पारदर्शक असतात आणि महिनोन् महिने उघड्या समुद्रात तरंगतात. त्यांतली फारच थोडी परत किनाऱ्याच्या तळाला येऊन शेवंड होतात. या शेवंडी व्यापारी प्रमाणावर अंड्यापासून वाढवणं आपल्याकडे अजून जमलेलं नाही. ताटात येते ती प्रत्येक समुद्रातलीच.

मुंबईचं उदाहरण आहे. चपटी शेवंड एकेकाळी मुंबईच्या ट्रॉलरना भरपूर मिळायची. १९९४ पर्यंत ती मासेमारी कोसळली. निर्यातीसाठी २००३ पासून किमान वजनं ठरवलेली आहेत: आपल्याकडची पॉलिफेगस ३०० ग्रॅम, होमारस २००, ऑर्नेटस ५०० आणि चपटी १५०. हे निर्यातीचं झालं. स्थानिक बाजारात शंभर-दीडशे ग्रॅमची पिल्लंही वाट्यात लावलेली दिसतात, ती आपणच घ्यायची नाहीत.

खवय्या_कोल्हापूर | १५:०५

तुमचं पटतं, पण जाळ्यात आलेली अर्धमेली असते. मी नाही घेतली तर दुसरा घेईल. मग मीच का उपाशी राहू?

मी_देवबागचो | १५:४०

याचं उत्तर मी देतो, कारण जाळं आमचं असतं. दोघंही थोडे बरोबर आहेत.

तळाला लावलेल्या जाळ्यात शेवंड पाय अडकवून बसते. घाईने ओढली की पाय तुटतात, म्हणून एकेक दोरा सोडवत बसावं लागतं. पहाटे, थंडीत, ओल्या हाताने. एवढं करून हातात अर्ध्या किलोची अंडीवाली शेवंड येते. ती सोडायची म्हणजे त्या फेरीचं डिझेल सोडायचं. माझे काका सोडतात, शेजारचे सोडत नाहीत. शेजारच्यांना मी वाईट म्हणणार नाही, त्यांच्यावर होडीचं कर्ज आहे. पण बाहेरून येणाऱ्या मोठ्या बोटी किनाऱ्याजवळ तळ खरवडून जातात, त्यात अंडीवाली, पिल्लं, सगळंच जातं. आमच्यासारख्या छोट्यांनी सोडलेली एखादी त्यापुढे किती पुरणार, हा प्रश्न आम्हालाही पडतो.

पर्यटकाच्या हातात एक गोष्ट आहे. अंडीवालीला गिऱ्हाईकच नसेल, कोणी "नको, ती सोडा" म्हणत असेल, तर आमच्या घरातही सोडणाऱ्याचं ऐकलं जातं. काका म्हणतात, "गिरायक मागता म्हणान हाडतत." बास.

खवय्या_कोल्हापूर | १६:१०

बरं. गाबोळी माशाची खाईन.

डॉ_कुर्ली | १९:२०

मुलं आहेत म्हणून लिहितो. कोळंबी किंवा कुर्ली खाऊन कोणाला कधी ओठ सुजणं, अंगावर गांधी, घसा खवखवणं झालं असेल तर शेवंड चाखूही देऊ नका. या सगळ्यांतलं ॲलर्जी करणारं प्रथिन जवळजवळ सारखंच असतं. 'थोडीशीच दे' हा प्रयोग देवबागच्या टोकाला, दवाखान्यापासून लांब करू नये.

सायली_डोंबिवली | २१:३०

डॉक्टर, धन्यवाद. मुलं कोळंबी आनंदाने खातात, अडचण नाही. अडचण वेगळीच आहे. सासूबाईंचे मार्गशीर्षातले गुरुवार! एक गुरुवार सहलीतच येतोय. जाळ्यात नेमकी त्याच दिवशी आली तर?

वरणभात | २१:३३

तर त्या दिवशी सासूबाई आणि मी. वरणभात, वर तूप.

मी_देवबागचो | २१:५०

शुक्रवारपर्यंत जिती ठेवता येईल. पाण्यात बुडवून बादलीत नको. साध्या बादलीत हवा मिळत नाही, गुदमरून मरते, आणि गोड्या पाण्यात तर लगेच. समुद्राच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट अंगावर टाकून गार जागी ठेवायची. रात्र काढते.

सुगरण_साताऱ्याची | २३ नोव्हेंबर, ०८:१५

एक विचारायचं राहिलं. जिवंतच उकळत्या पाण्यात टाकायची? माझा हात होणार नाही.

कीजवाली | ०८:४०

नको. बर्फाच्या पाण्यात नाहीतर फ्रीझरमध्ये अर्धा तास ठेव. बधिर होते, हालचाल थांबते. मग धारदार सुरीने डोक्याच्या मध्यावर उभा छेद. तिच्यासाठीही बरं आणि मांसासाठीही, धडपडली की मांस आकसतं. उकडायची तर अर्ध्या किलोची आठ-दहा मिनिटं पुरे. जास्त झाली की रबर, आणि मग लोक म्हणतात शेवंडीत काही राम नाही.

@चिंबोरी, तुम्ही रबर खाल्लं असणार.

चिंबोरी | ०९:००

मी हॉटेलच्या मालकाच्या लग्नाच्या वाढदिवसाला खाल्ली होती. रबर होतं की काय ते विचारायची सोय नव्हती.

सायली_डोंबिवली | २९ डिसेंबर, १६:२०

जाऊन आलो. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांच्यासाठी वृत्तांत.

पोहोचल्यावर काकूंना सांगून ठेवलं. पहिले दिवस वारा होता, काही आलं नाही. लिलाव बघितला. मुलांना शिंगाळा आणि वाघळी बघून इतकी मजा आली की शेवंड विसरली. बाजारात एका बाईकडे बर्फात शेवंडी होत्या, शेपट्या लोंबलेल्या. दीर घ्यायला निघाले होते, त्यांना देवबागकरांची आजी वाचून दाखवली.

गुरुवारी अर्थातच आल्या. दोन. एक सहाशेच्या आसपास, एक चारशेच्या. दोन्ही बिनअंड्यांच्या, मी स्वतः उलटून बघितल्या. उचलल्यावर तो करकर आवाज ऐकून धाकटा पडवीच्या बाहेर पळाला. भाव ऐकून सासरे म्हणाले, "यात मुंबईहून येण्याजाण्याचं भाडं धरलंय का?" गोणपाटात गुंडाळून रात्रभर न्हाणीघरात ठेवल्या, शुक्रवारी सकाळी जिवंत होत्या.

मोठी नुसती उकडली, धाकटीचा काकूंनी रस्सा केला, त्यात मोठीचं डोकंही घातलं. मिशीची युक्ती काकूंनी करून बघितली. पहिल्यांदा मिशी मोडली, दुसऱ्यांदा शीर अख्खी आली. मग त्या शेजारणीला दाखवायला गेल्या, आम्ही ताटं मांडून बसलेलो.

आता निकाल. उकडलेली खरोखर अप्रतिम. गोड, रसाळ, आणि मीठ वरून घ्यावंही लागलं नाही. तुकडा तुकडा वाट्याला आला आणि कोणी बोलत नव्हतं. रस्साही झकास होता, पण खरं सांगायचं तर त्यातली शेपटी कोळंबीची असती तरी मला कळलं नसतं. रस्सा डोक्यांचाच करावा, शेपटी त्यात घालू नये. सासूबाईंचं मत: "चांगली आहे, पण हिच्यापेक्षा त्या दिवशीच्या तिसऱ्या छान होत्या." हे वाक्य मी मुद्दाम लिहितेय, चिंबोरींना नाताळची भेट.

परत गेले तर घेईन, एकच, आणि उकडूनच.

चिंबोरी | १६:२४

सासूबाईंचा पत्ता द्या, साष्टांग नमस्कार घालून येतो.

खवय्या_कोल्हापूर | १६:४०

'कोणी बोलत नव्हतं' हे वाक्य फ्रेम करून ठेवतो. बाकी सासूबाईंना शेवंड कोणी वाढली? शेपटीचं टोक आलं असेल वाट्याला.

मी_देवबागचो | १८:०५

काकूंचं निवास कुठलं ते मला कळलं :) मिशीची युक्ती आता अर्ध्या देवबागात पोचली आहे. फ्लोरिडाच्या ताईंना सांगा, कोवळी मिशी मोडते. जाड बुंध्याकडचा वीतभर तुकडाच घ्यायचा.

नवखा_नाशिक | ३० डिसेंबर, १०:३०

सगळा धागा वाचून काढला. आम्ही फेब्रुवारीत जायचं म्हणतोय, तेव्हा मिळेल का? आणि जूनमध्ये स्वस्तात खोल्या मिळतात म्हणतात, तेव्हा गेलं तर?

मी_देवबागचो | ११:१५

जूनमध्ये येऊ नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते आणि समुद्रही उधाणलेला. तेव्हा शेवंड म्हणून जे मिळेल ते फ्रीझरमधलं. पाऊस बघायला या, सुकी मासळी खा.

फेब्रुवारी चांगला, समुद्र शांत असतो. फक्त आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख बघून या. दरवर्षी वेगळी असते, देवीला कौल लावून ठरते. त्या दोन-तीन दिवसांत खोली मिळत नाही, आणि घरातली सगळी माणसं जत्रेत असतात, जाळी उचलायला कोण जातोय!

घाटवाट | ११:२०

आणि नाशिकहून कुठला घाट?